न चाखलेली वडी

सीताबाईंनी घरातला सगळा साबण उचलून गल्लीत भिरकावला, आणि या गोष्टीला सुरुवात झाली. कागदसुद्धा न उघडलेली एक कोरी वडी होती, तीही गेली. बसदीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, कुणीतरी बाई सांगून बसली होती की बाजारच्या साबणात जनावराची चरबी असते. खरं की खोटं ते तिचं तिला ठाऊक, पण सीताबाईंना तेवढं पुरे झालं. ज्या बाईच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तांब्यात पडत नाही, ती अंगाला चरबी लावून घेईल? नाव नको!

"आजपासनं ह्या घरात हरभऱ्याचं पीठ आणि शिकेकाई," त्यांनी जाहीर केलं. "आमच्या आईनं जलमभर तेच लावलं. काय झालं तिला? शेवटपतोर अंग कसं तुकतुकीत हुतं."

सीताबाईंचं अंग पिठानं तुकतुकीत राहीलही, पण त्यांच्या लेकाचं काय? श्रेणिक उद्यमनगरात लेथवर काम करायचा. संध्याकाळी घरी यायचा तो कोपरापर्यंत काळ्या तेलात माखून. त्या हाताला पीठ लावून घासलं की काळा चिकट लगदा व्हायचा, आणि तो हात पुढं करून बायकोला म्हणायचा, "अरुणा, भज्याचं पीठ तयार हाय बघ. आता तळायचं तेवढं राहिलंय."

अरुणा हसायची, पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला होता. आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला की झालंच! घरात एखादी वस्तू विकत आणली की या बाईच्या जिवाला लागायचं. दातांना बाभळीच्या कोळशाचं मंजन तिच्या हातचं, केसांना माक्याचं तेल तिच्या हातचं, पितळेला चिंच आणि राख. कपाटात लुगड्यांच्या घड्यांत वाळा आणि कापराच्या पुरचुंड्या, त्याही तिनंच शिवलेल्या. दिवाळीचं उटणं तर ती गणपती गेले की वाटायला घ्यायची. राहिला होता तो एकटा साबण, आणि तो कसा करतात हे काही तिला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते भिंतीपलीकडच्या नजीराला. राजारामपुरीतल्या त्या दोन घरांच्या मागच्या परड्यांमध्ये छातीइतकी भिंत होती, आणि त्या भिंतीवर कोपरं टेकून या दोघींनी किती गप्पा मारल्या असतील त्याला गणती नाही. नजीरा ही कुतुबुद्दीन अत्तारांची सून. महाद्वार रोडला त्यांचं अत्तर-उदबत्तीचं दुकान. पण माहेर तिचं निपाणीचं, आणि निपाणीत तिचा बाप कपडे धुवायचा साबण करून विकायचा.

"साबण व्हय?" नजीरा भिंतीवरून अर्धी अलीकडं आली. "अगं, माझा जलमच साबणाच्या घमेल्यापाशी गेलाय! खोबरेल पाहिजे, कॉस्टिक सोडा पाहिजे आणि ढवळायला दांडगं मनगट पाहिजे. चरबी कशाला लागतीया? खोबरेलाचा फेस तर असा येतोय, असा येतोय की बस!"

"मग आधी का बोलली न्हाईस?"

"तू आधी इचारलंस का?"

आता सीताबाईंची परवानगी. अरुणानं दोन दिवस धीर गोळा केला आणि एका सकाळी सांगून टाकलं. सीताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचून अटी घातल्या. खोबरेल घाण्यावरून त्या स्वतः आणणार. काम परड्यातल्या चुलीवर करायचं, आणि दिवस मावळायच्या आत ती चूल विझलीच पाहिजे.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या, "नरक चतुर्दशीला पहिल्या अंघोळीला मी सोता लावून बघतो. अंगाला मानवला, तर खुशाल करा. बसदीतल्या बायकांना मी सांगतो, सगळ्याजणी घेतील. आणि जरा जरी आग झाली, तर ते घमेलं माळ्यावर. परत ह्या घरात साबणाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल!" अरुणा म्हणाली. सीताबाईंच्या शब्दाला बसदीत काय वजन होतं ते तिला पुरतं माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर बसदीपेक्षा तिला दुसरंच काही हवं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात भाकरीच्या पिठापासून देवाच्या वातीपर्यंत सगळं सीताबाईंच्या मापानं चालायचं. मंजन, तेल, उटणं हे सुनेचे चाळे. साबण मात्र तिचा आणि नजीराचा म्हणून ओळखला जाणार होता. नजीराला तरी दुसरं काय पाहिजे होतं? घरभर सुगंध, पण हिच्या वाट्याला नुसत्या काड्या वळणं. कुठला वास कशात घालायचा, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग काय विचारता! सकाळचं काम उरकलं की दोघी परड्यात. अरुणा लोखंडी घमेल्यात तेल तापवायची, नजीरा कॉस्टिकचं पाणी धार धरून सोडायची, "तोंड बाजूला घे, तोंड बाजूला घे!" म्हणून ओरडत. मग आळीपाळीनं ढवळायचं. हात भरून यायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि घमेल्यातलं घट्ट व्हायला लागलं की दोघींना असा काही आनंद व्हायचा की शेजारच्या बायका दाराशी येऊन बघून जायच्या.

पण साबण जमला की नाही हे कळायचं कसं? नजीराच्या बापाची एकच परीक्षा होती. बोटभर साबण थंड करायचा, जिभेच्या शेंड्याला लावायचा आणि थुंकायचा. आत कॉस्टिक शिल्लक असेल तर असा चावतो की इंगळी परवडली. चावला तर आणखी तेल घालून शिजवायचा, नाही चावला तर साचात ओतायचा. कातड्यावर लावून काही समजत नाही, नजीरा सांगायची. कातड्याला कळतं, पण उशिरा, आणि कळतं तेव्हा सालडं निघालेलं असतं.

आता इथं गंमत बघा. बहात्तर साल ते. त्या वर्षी रमजान आणि दिवाळी हातात हात घालून आलेली. दिवसभर नजीराला रोजा. चाखून थुंकलं तर रोजा मोडत नाही म्हणतात, पण तिच्या मनाला ते पटायचं नाही. "जिभेला लागलं की मन खात राहतंय," ती म्हणायची. आणि अरुणाला दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तिथं साबण कुठला! म्हणून दोघींनी ठरवून टाकलं. दिवस असेपर्यंत जीभ अरुणाची, दिवस मावळल्यावर जीभ नजीराची. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

पहिला घाणा अरुणाच्या जिभेला असा डसला की ती परडंभर नाचली, आणि नंतर कितीतरी दिवस ताक-भातावर राहिली. दुसरा घाणा घट्टच होईना. श्रेणिक म्हणाला, "खीर चांगली झालीया, वेलदोडं घाला." पण पुढचा घाणा! पांढरा शुभ्र, घट्ट, हातात घेतला की फेसच फेस. श्रेणिकचे हात त्यानं असे निघाले की लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं त्याची नखं बघितली. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी उड्या मारत होत्या.

"आता अव्वांचा," नजीरा म्हणाली. सीताबाईंना ती अव्वाच म्हणायची, निपाणीकडच्या रीतीनं. "अव्वांच्या घाण्यात मोगरा आणि वाळा. सासऱ्यांना मी इचारलं बी न्हाई, माझ्या मनानं काढलाय वास." ती हे सांगताना लाजली.

तो घाणा चतुर्दशीच्या आदल्या दुपारी चुलीवर चढला. अरुणाच्या घरी फराळाची गडबड, नजीराच्या घरी ईद जवळ आलेली, त्यामुळं उशीरच झाला. घमेलं रटरटायला लागलं तेव्हा उन्हं कलली होती. तेवढ्यात सीताबाईंची हाक आली, "अरुणा, पानं घे! दिवस चाललाय." दिवसाउजेडी जेवणं उरकायची होती. अरुणा पळाली.

नजीरा एकटीच ढवळत राहिली. ऊन भिंतीवरून वर सरकलं, चूल विझवायची वेळ आली. अरुणा आत जाताना चाखूनच गेली असणार, असं तिनं धरलं. दिवसाची जीभ अरुणाची, ठरलेलंच होतं की! तिनं अत्तर सोडलं, एकदा खालवर ढवळलं, साचात ओतलं, चुलीवर पाणी मारलं आणि बांग ऐकू आली तशी रोजा सोडायला घरी धावली.

अरुणा हात पुसत बाहेर आली तर चूल गार आणि साबण साचात. वास असा सुटला होता की तिनं डोळेच मिटले. दिवस तर मावळला, म्हणजे नजीरानं रोजा सोडला, चाखलं आणि मग ओतलं, असं तिनं धरलं. भिंतीवरून नजीरानं हात हलवला. अरुणानंही हलवला. दोघीही खूश, दोघीही निर्धास्त.

चतुर्दशीला पहाटे अंधारात अरुणानं तारेनं वड्या कापल्या. काय सुरेख कापल्या गेल्या! न्हाणीत बंब पेटला होता. बंब म्हणजे चूल नव्हे, असा निकाल सीताबाईंनी कधीच देऊन टाकला होता. सीताबाईंच्या अंगाला तेल लावून झालं, उटणं लागलं. अरुणानं केळीच्या पानावर वडी ठेवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाकाशी नेली, "हं" म्हणाल्या आणि न्हाणीत गेल्या.

अरुणा परड्यात आली तर भिंतीवर नजीराचं डोकं. सहेरीचं पहाटेचं जेवण उरकून ती इकडंच बघत उभी होती.

"गेल्या का अव्वा आत? अगं, माझं काळीज कसं उडतंय बघ! बरं, काल चाखलास तवा वास कसा लागला? वाळा जास्ती न्हाई ना झाला?"

"मी?" अरुणा म्हणाली. "मी कुठं चाखला? तू चाखलास की, रोजा सोडल्यावर!"

"मी तर ओतून मग रोजा सोडला!"

पहिल्या घाण्याची जीभ अरुणाला आठवली, आणि इथं तर अख्खं अंग होतं. सासूचं अंग! क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. मागचा घाणा जमला होता, हाही जमला असेल. बोललो तर घमेलं माळ्यावर गेलंच म्हणून समजायचं. पण तोवर तिचे पाय न्हाणीच्या दाराशी पोचले होते आणि दोन्ही मुठी दारावर आपटत होत्या.

"आई! साबण लावू नका! आई!"

नजीरा भिंतीवरून उडी टाकून आली. दार किलकिलं झालं. अंगाभोवती लुगडं गुंडाळलेल्या सीताबाई, हातात कोरडी वडी. "काय आग लागलीया का घराला?"

"आई, तो घाणा चाखायचा राहिला." अरुणाचा आवाज रडवेला झाला. "मला वाटलं हिनं चाखला, हिला वाटलं मी. जमला असंल बी, पण कॉस्टिक राहिलं असलं तर अंग भाजंल तुमचं. मला सांगायलाच पाहिजे हुतं."

"का राहिला चाखायचा?"

"हिला दिवसाचा रोजा, अव्वा," नजीरा म्हणाली, आणि जीभ चावून, "म्हंजे मला रोजा, हिला रातचा नेम. त्या दोन्हीच्या मधी घावला तो घाणा."

सीताबाईंनी तोंड उघडलं ते दोघींना फैलावर घ्यायला. पण घेणार कशावरून? चूक झाली होती ती नेम पाळल्यामुळं, आणि नेम पाळायला लावणारी बाई दुसरी कोण होती?

"मी बघतो चाखून," अरुणा म्हणाली. "एक दिवस मोडंना नेम."

"तू थांब," नजीरा वडीकडं हात नेत म्हणाली, "माझा रोजा मला ईदनंतर भरून काढता येतोय."

दंतमंजनाचं बोट तोंडाशी धरून श्रेणिक मागं येऊन उभा होता. "द्या हिकडं, मी चाखतो. माझ्या जिभेला काय बी हुत न्हाई."

"दिवस उगवायच्या आधी तोंडात साबण?" सीताबाई त्याच्यावर कडाडल्या. "आणि ते मंजन बी खाली ठेव!" मग दोघींकडं वळून म्हणाल्या, "नेम कुणी मोडायचा न्हाई. हिनं न्हाई, तिनं न्हाई."

आणि त्या तिथंच न्हाणीच्या दगडावर बसल्या.

"दिवस उगवू दे. मग चाख. मग मी अंघोळ करतो."

अरुणाला आपण बरोबर ऐकलं का तेच कळेना. "आई, आज चतुर्दशी. सूर्य उगवायच्या आत अंघोळ..."

"मला ठावं न्हाई व्हय?"

जन्मात कधी त्या बाईनं ही अंघोळ उन्हात केली नव्हती. अंगात ताप असतानाही नाही, श्रेणिकच्या वेळी अवघडलेल्या असतानाही नाही. पिठाचा डबा हाताशी होता, त्यावर भागवता आलं असतं. तसं अरुणानं सुचवलंही. "मी साबण लावून बघतो म्हणलोय," सीताबाई म्हणाल्या, "तर बघणार. पिठाचं नाव काढू नगंस."

मग काय, बसले सगळे. गल्लीत फटाके वाजत होते, घराघरातून अंघोळी उरकल्याच्या आरोळ्या येत होत्या. दिवाळीतली थंडी, सीताबाई तेलानं माखलेल्या, दात वाजत होते. नजीरानं धावत जाऊन आपल्या घरून शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती ओढून घेतली. अरुणा बंबात लाकडं सारत होती आणि पूर्वेकडं बघत होती. टेंबलाईच्या टेकडीमागं आभाळ तांबूस झालं. मग पिवळं झालं. एवढा सावकाश उगवणारा सूर्य तिनं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता! शेवटी टेकडीच्या माथ्यावर लखकन कड दिसली आणि श्रेणिक ओरडला, "आला, आला!"

अरुणानं वडीचा कोपरा जिभेला लावला.

अरुणा डोळे मिटून उभी. खोबरेलाचा तुरटपणा, मोगऱ्याचा कडवटपणा. ती वाट बघत राहिली. तिनं जीभ टाळूला लावली, परत वाट बघितली. चव असली घाण की विचारू नका. पण चावा? नाही. कुठंच नाही!

"चावत न्हाई!" ती थुंकली आणि किंचाळलीच. "नजीरा, चावत न्हाई गं! जराबी न्हाई!"

नजीरानं तिला उचलून गरागरा फिरवलं. दोघी हसत होत्या आणि रडत होत्या, आणि श्रेणिक मंजनाच्या काळ्या हातानं टाळ्या वाजवत होता. "झालं का नाचून?" सीताबाई म्हणाल्या. "व्हा बाजूला. गारठलोय मी." त्या आत गेल्या आणि दार धाडकन लागलं.

आत पाण्याचा आवाज किती वेळ येत राहिला! तांब्यामागून तांब्या. बंब रिकामा झाला तरी बाई बाहेर येईनात. आल्या तेव्हा तोंडावर रागही दिसेना, आनंदही दिसेना.

"कसा वाटला, आई?"

"बसदीला उशीर झालाय. चल लवकर."

बस, एवढंच. अरुणा भिंतीकडं बघत, हातानं "काय की" अशी खूण करत त्यांच्या मागं निघाली. सगळ्या वाटेवर सीताबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. अंगाला आग होत असेल का? आज सणाचं बोलायला नको म्हणून गप्प असतील का?

बसदीच्या आवारात बायका जमल्याच होत्या. सीताबाईंचे केस अजून ओले, पाणी ठिबकत होतं. बयाबाईनं ते बरोबर हेरलं. या बयाबाईला सीताबाईंचं एक वैगुण्य दिसावं म्हणून ती वर्षानुवर्षं टपून होती.

"अगंबाई, सीताबाई! आज उन्हात अंघोळ? चतुर्दशीच्या दिवशी? जगाला नेम सांगता आणि नरकात जायची तयारी तुमचीच की वो!"

बायका हसल्या. अरुणाला वाटलं, धरणी फाटावी. या बाईला कुणी असं हसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं, आणि हसणं ओढवलं होतं ते तिच्याच साबणापायी.

सीताबाई थांबल्या. सावकाश पदर मागं सारला आणि उघडा दंड सरळ बयाबाईच्या नाकाखाली धरला.

"आधी वास घे, मग बोल."

बयाबाईनं वास घेतला. आणि परत घेतला. मागच्या बायका पुढं सरकल्या. कुणी सीताबाईंचा हात धरला, कुणी दंडावरून बोट फिरवून बघितलं.

"चरबी न्हाई, आग न्हाई, काय न्हाई," सीताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "ज्याला पायजे त्यानं घरी येऊन सांगा. आत्ता सांगितलं तर ईद झाल्यावर मिळंल."

"केलाय कुणी?" बयाबाईनं विचारलं. तिनं तो दंड अजून सोडला नव्हता.

"आमच्या पोरींनी," सीताबाई म्हणाल्या. "एक ही बघ उभी हाय. दुसरीला रोजा हाय, म्हणून घरी राहिलीया."